सावलीच्या वहीतली चार नावे

“हात लावू नकोस.”

शास्त्रीबोवा हे ओरडून बोलले नाहीत. ओरडले असते तर मला कदाचित बरे वाटले असते. ते हळू बोलले, लहान मुलाला समजावतात तसे.

चैत्र पाडव्याची सकाळ होती. अमरावतीला शेटजींच्या पेढीची मोठी सदर. पांढऱ्या चादरी, लोड, गुलाबपाणी. मधोमध चौरंगावर नव्या छापील ग्रंथाची पहिली प्रत आणि तिच्यावर हळदकुंकू. वऱ्हाडचे पंचांग वऱ्हाडात बसून कसे करावे, हे सांगणारा तो ग्रंथ. त्यातले प्रत्येक अक्षर माझ्या हातचे होते. वाऱ्याने त्याचे शेवटचे पान दुमडत होते. ते सरळ करावे एवढ्यासाठी मी हात पुढे केला होता.

“काल कागद होता,” शास्त्रीबोवा म्हणाले, “आता पूजा झाली. आता ती पोथी आहे.”

माझा हात तिथेच राहिला. पुढे नाही, मागे नाही.

लोडाला टेकलेल्या एका पाहुण्याने विचारले, “कोण हो हा?”

“शिळाछापाचा लिहिणार. तेल्याचा आहे.”

“मग बरोबर अडवलंत. पानं तेलकट झाली असती.”

सदर हसली. शेटजीही हसले. वाईट मनाने नव्हे. पाहुणे हसले म्हणून हसले.

ज्या शाईने तो ग्रंथ लिहिला, तिची काजळी माझ्या बापाच्या घाण्यावरच्या तेलाची होती. ती चौरंगावर बसली होती. मी बसू शकत नव्हतो. पण त्या क्षणी मला ते जाणवले नाही. मी पाहत होतो ते दुमडणारे पान. त्यावर ‘लिहिणार’ असा शब्द होता आणि त्यापुढे माझे नाव असायला हवे होते. मीच ते लिहिले होते. तिथे काही नव्हते. शिळाछापात दगडावरचे अक्षर खरवडून काढले, की कागद त्या जागी पुरता पांढरा उमटत नाही. किंचित धुरकट येतो. तो धुरकटपणा परक्याला दिसत नाही. लिहिणाऱ्याला दिसतो.

मी मागे सरलो आणि दाराशी, जोड्यांजवळ जाऊन बसलो. मला तिथे बस म्हणून कुणी सांगितले नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मी आपण होऊन तिथे बसलो.

आज मी पन्नाशी ओलांडली आहे. हा प्रसंग मी आयुष्यात पुष्कळांना सांगितला. आमच्या समाजाच्या बैठकीत सांगितला, शाळेतल्या मास्तरांना सांगितला, सोयऱ्यांना सांगितला. ऐकणारे हळहळत, शास्त्रीबोवांना शिव्या देत. आणि मी दरवेळी इथेच थांबत असे. कारण याच्या आधीचे सांगितले असते, तर शिव्यांचा वाटेकरी बदलला असता.

आधीचे आता सांगतो.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीतल्या कापसावाचून गती नव्हती. अकोल्याच्या बाजारात गाड्यांना उभे राहायला जागा मिळत नसे. मी सरकारी मराठी शाळेत अक्षर गिरवलेला, म्हणून बाजारात गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मला मिळाले होते. अक्षर चांगले होते. त्याचा मला गर्व होता. तेवढा एकच गर्व मला परवडत होता.

नवा पैसा आला, की त्याला नावाची भूक लागते. कुणी घाट बांधला, कुणी धर्मशाळा. अमरावतीच्या या शेटजींनी ग्रंथ छापायचे ठरवले. त्याला कारण झाले एक ग्रहण.

त्या वर्षी मार्गशीर्षात सकाळचे सूर्यग्रहण होते. शेटजींनी देशावरून आणलेले शास्त्रीबोवा त्या वेळी अकोल्याला आले होते. त्यांनी पुण्याच्या पंचांगातली वेळ जाहीर केली. मोर्णा नदीच्या काठी घटिकापात्र मांडले. पाण्याच्या घंगाळात तरंगणारी, बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी ती. एकदा बुडाली की एक घटका झाली. वेळ भरली तसे लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरले. थंडी अशी, की मंत्र दातांवर वाजत होते. सूर्य मात्र पुरा, लख्ख, गोल.

“शास्त्रीबोवा, अजून किती?”

“लागेल, लागेल. जप सोडू नका.”

पाण्यात उभी असलेली एक माळीण शेजारणीला म्हणाली, “सूर्यबी पुन्याहूनच निंगाला वाटते वं. गाडीबैलानं येऊन राह्यला असंन.”

अर्धा घाट हसला. शास्त्रीबोवा हसले नाहीत. अर्धी घटका लोक तसेच काकडत उभे होते. मग सूर्याच्या कडेला काळा दात लागला.

मी त्या आठवड्यात घरी, बारशीटाकळीला गेलो, तेव्हा ही हकीकत मोठ्या चवीने आईला सांगितली. आईला तिचे काहीच वाटले नाही. ती म्हणाली, “आमी नाई बा थंडीत उभे राह्यलो. जोशीणबाईनं सांगतलं होतं, आताच नोका जाऊ, सूर्याले अर्धी घटका येळ हाये.”

जोशीणबाईंना मी लहानपणापासून पाहिले होते. आमच्या घाण्याचे तेल त्यांच्या घरी जात असे. ग्रामजोशाची विधवा. लाल आलवण, केशहीन मस्तक, पोटी मूल नाही. नवऱ्यामागे दीर पंचांग घेऊन गावोगाव फिरे आणि त्या घर सांभाळीत. गाव त्यांना जोशीणबाई म्हणे, मी काकू म्हणे. त्यांचे नाव भागा होते, हे मला त्या वर्षी प्रथम कळले.

त्यांनीच आईकडून मला निरोप धाडला. मी ओट्यावर बसलो. त्या दाराच्या आत, उंबऱ्यापलीकडे. त्यांचे सोवळे कडक होते, हेही मी झाकत नाही. मला द्यायची वस्तू त्या ओट्यावर ठेवीत, दोन पावले मागे सरत, मग मी ती उचली.

“त्या शेटले वऱ्हाडच्या पंचांगाचं पुस्तक पाह्यजे म्हणतात. खरं हाये काय?”

“हो, काकू. बाजारात बोलतात तसं. पण शास्त्रीबोवांना इथली मोजणी जमत नाही.”

“त्याले कशी जमंन? त्याची सावली पुन्याची हाये.” त्या आत गेल्या आणि एक गाठोडे आणून ओट्यावर ठेवले. “तुले लिहिता येते ना? मंग लिही. मले अक्षर येत नाही, आकडे येतात.”

गाठोड्यात सुताचे तुकडे होते. खळ लावून ताठ केलेले, बोटभर लांबीचे, सगळे जवळजवळ सारखे. पाडव्याच्या सुमारास ज्या दिवशी दिवस आणि रात्र समान होतात, त्या दिवशी भर दुपारी अंगणात बारा अंगुळांची काठी उभी करायची आणि तिची सावली सुताने मोजून ते सूत तेवढेच कापायचे. पुण्याला ती सावली चार अंगुळे पडते. आमच्याकडे साडेचार. गाव जसे उत्तरेला, तशी सावली लांब, आणि दिवस लहानमोठा होण्याचे सारे गणित त्या सावलीवर. एका सुताला एक गाठ, काहींना दोन, काहींना तीन, काहींना चार.

“ह्या गाठी कशाच्या?”

“बायांच्या. एक गाठ गोदाबाईची. माह्या सासूच्या सासूची सासू. दोन गाठी येसूबाईच्या. तीन माह्या सासूच्या, सगुणाबाईच्या. चार माह्या.”

“आणि घरातल्या पुरुषांच्या?”

त्या हसल्या. “पाडवा जवळ आला की जोशी घरी राह्यते काय? तो वर्षफल सांगत गावोगाव. सावली पडते घरच्या आंगनात. मंग मोजंन कोण?”

इतके साधे होते ते. मी चकित होऊन ऐकत होतो. ग्रहणाचेही तसेच. “गिरहन लागलं, की बाप्ये नदीत, माळ घेऊन उभे. घटिकापात्रापाशी कोणी बसाव? बाईनं.” बाईने आकाशाकडे पाहायचे नाही, असा नेम. त्यांनी तो नेम मोडला नव्हता. स्वयंपाकघराच्या छपराला एक भोक होते. त्यातून सूर्याचा कवडसा भिंतीवर पडे, आणि सूर्याला ग्रहण लागले की त्या कवडशाची कड कुरतडली जाई. “वर पाहाचं काय काम?” काकू म्हणाल्या, “सूर्यच चुलीपाशी येते.” पुण्याच्या पंचांगात अर्धी घटका मिळवली, की आमची वेळ येते, हे येसूबाईने चुलीपाशी बसून ठरवले होते. कोणते नक्षत्र पूर्वेला प्रथम केव्हा दिसते, याचा इथला हिशेब सगुणाबाईंनी तोंडपाठ करून सुनेला दिला होता. आणि काकूंनी ते सारे आपल्या हयातीत पुन्हा तपासले होते.

काही सुते नुसतीच गाठ मारलेली, न कापलेली, लांब होती.

“ही का अशी?”

“त्या वर्षी दुपारी आभाळ आलं. सावली पडलीच नाही. अंदाजानं कापलं असतं त खोटं झालं असतं ना.”

तो हिवाळाभर मी आठवड्यातून एकदा अकोल्याहून येत असे. त्या बोलत, मी लिहीत असे. वहीला आम्ही सावलीची वही म्हणत होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितले होते, “नावं पयले. मंग गनित. माह्यामागं सून नाही बाबू. हे सूत आता कोनाच्या हाती देऊ? कागदाले देऊन राह्यली.”

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिले: ही मोजणी बारशीटाकळीच्या जोशांच्या घरातील गोदा, तिची सून येसू, तिची सून सगुणा, तिची सून भागा, या चौघींनी केली. लिहून झाल्यावर ते वाक्य वाचून दाखवले. काकू म्हणाल्या, “येसूबाईचं नाव लई वर्सानं घरात कोनं घेतलं.”

वही घेऊन मी अमरावतीला गेलो. शेटजींनी मुंबईहून शिळाछापाचे यंत्र आणि दगड आणवले होते. माझे अक्षर पाहून त्यांनी मला तिथेच ठेवून घेतले. शास्त्रीबोवांनी वही दोन दिवस वाचली. ते विद्वान होते. वहीत काय आहे, हे त्यांना पहिल्या पानातच उमगले असणार. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले.

“ह्या चौघी कोण?”

“जोशांच्या सुना. मोजणी त्यांची आहे.”

“मोजणी सूर्याची असते रे. बायकांनी नुसतं पाहिलं.” त्यांनी वही मिटली. “बायकांच्या नावानं ज्योतिष छापलं, तर घरात कोण ठेवील? ते पान काढ.”

मी उभाच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. पहिल्यांदाच नीट पाहिले.

“तुझं अक्षर सुंदर आहे. शेवटच्या पानावर लिहिणाराचं नाव घालायची रीत आहे. तुझं घालू. तुझ्या जातीतलं छापील ग्रंथावरचं ते पहिलं नाव असेल. विचार कर.”

मला धाक घातला नाही. काढून टाकतो म्हणाले नाहीत. मी नाही म्हणू शकत होतो. मी हे वाक्य इतकी वर्षे टाळत आलो: मी नाही म्हणू शकत होतो. मी विचारसुद्धा केला नाही. त्याच दुपारी मी पहिले पान नव्याने लिहिले. वर गणपतीला नमन, मग शेटजींची स्तुती, मग शास्त्रीबोवांचे नाव ग्रंथकर्ता म्हणून. चार नावांची ओळ गेली. तिची जागाही ठेवली नाही.

इथवर मला माफ करणारे भेटतील, हे मला माहीत आहे. गरीब होता, तरुण होता, भुलला, असे म्हणतील. पुढचे ऐका.

दगडावर अक्षर उतरवण्याआधी आकडे तपासून घ्यायला हवे होते, आणि ते तपासणारे माणूस एकच होते. मी कागद घेऊन बारशीटाकळीला गेलो. ओट्यावर पाने मांडली. काकूंनी एकेक आकडा बोट ठेवून तपासला. एका जागी थांबल्या.

“चार अंगुळं, वर अंगुळाचे साठ भाग करून त्यातले बत्तीस. तुवा तेवीस लिहिलं.”

खरेच, मी आकडे उलटे लिहिले होते. दुरुस्त केले. सारी पाने संपली. मग त्या उंबऱ्याच्या आत नीट मांडी घालून बसल्या, पदर सावरला, जणू आरतीला बसत होत्या.

“आता नावं वाच.”

मी पहिले पान हातात घेतले. त्यावर नावे नव्हती. मी पानाकडे पाहत, सावकाश, स्वच्छ आवाजात वाचले: “ही मोजणी बारशीटाकळीच्या जोशांच्या घरातील गोदा, तिची सून येसू, तिची सून सगुणा, तिची सून भागा, या चौघींनी केली.”

“कुठं हाये ते? दाखव.”

मी सर्वांत वरच्या ओळीवर बोट ठेवले. गणपतीच्या नमनावर. मग पान ओट्यावर ठेवून मागे सरलो. काकू पुढे आल्या, त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“सगुणाबाई कुठं?”

“इथं, मधे.”

“अजून एकदा वाच बाबू.”

मी अजून एकदा वाचले. दुसऱ्यांदा आवाज पहिल्याहून खणखणीत लागला. खोटे बोलणाऱ्याला दुसऱ्यांदा सोपे जाते, हे मी त्या ओट्यावर शिकलो.

त्यानंतर महिन्याभराने तो पाडवा आला, ज्याने मी ही हकीकत सुरू केली. माझे नाव खरवडले गेले. ज्या वचनासाठी मी चार नावे विकली, ते वचन शास्त्रीबोवांनी एका दगडी तुकड्याने पुसून टाकले. त्यांना त्यात काही वावगे केल्यासारखे वाटलेही नसेल. तेल्याला दिलेला शब्द त्यांच्या लेखी शब्दच नव्हता. आणि जोड्यांजवळ बसलेला मी फक्त एवढाच विचार करत होतो: मला फसवले. मला. मला.

तिथून मी कुठे गेलो असेन? काकूंकडे. त्यांच्याकडे रडगाणे गायला. पायी चार दिवस लागले. वाटभर वाक्ये जुळवत होतो. आपण दोघे एकाच दुःखाचे, असे काहीतरी त्यांना सांगणार होतो. इतका निर्लज्जपणा मला त्या वेळी दिसला नाही.

आधी घरी गेलो. आई घाण्याशी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि बैल थांबवला.

“जोशीणबाईले गाव हासलं,” ती म्हणाली. “तिच्या दिराले पाडव्याले शेटकडून पोथी भेटली, तो तुह्याआधी येऊन पोचला. बाई ओट्यावर आली, समद्यांसमोर बोट ठिवून म्हने, हे पाहा भावजी, माह्या सासूचं नाव. दीर म्हने, वहिनी, इथं त गनपतीचं नमन हाये. मंग एक जन म्हने, काहो जोशीणबाई, सासू तुमची गनपती झाली काय?” आई माझ्याकडे वळली. “तिले कोनं दाखोलं होतं ते बोट ठिवाले? तुवाच ना?”

उत्तर तिला माहीत होते.

काकूंच्या दारात गेलो. ओट्यावर बसलो नाही, खाली अंगणात उभा राहिलो. त्या बाहेर आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. रागाची मी तयारी करून गेलो होतो.

“तुले बी पोथीले हात लावू देला नाही म्हनतात.”

“हो, काकू.”

“वाईट झालं.” त्यांनी ते मनापासून म्हटले. मग म्हणाल्या, “तुवा लिहिलं नाही, हे मी समजली असती. मोठ्या लोकायपुढं तुहं काय चालनार. पन वाचलं काहून रे? जे नाहीच लिहिलं, ते वाचलं काहून?”

मी मान खाली घातली.

“मी दोनदा वाचाले लावलं,” त्या म्हणाल्या. “दोनदा.”

मग त्या आत गेल्या. दार आपटले नाही. हळूच लावले, जसे रोज लावत असतील तसे.

माझ्या अपमानाला करणारे दुसरे होते. त्यांच्या अपमानाला करणारा मी होतो. शास्त्रीबोवांनी त्यांना पाहिलेसुद्धा नव्हते. त्यांनी एक पान काढायला सांगितले. आंधळ्या विश्वासाचे बोट धरून खोट्या ओळीवर मी ठेवले.

ग्रंथ खपला. वर्षाच्या आत पुन्हा छापायची वेळ आली. शेटजींचा माणूस बोलवायला आला, तेव्हा मी सांगितले, “मी येणार नाही.” बाजारातल्या लोकांनी मला बाणेदार म्हटले. तेल्याच्या पोराने शेटजींना नकार दिला, ही गोष्ट अकोल्यात काही दिवस चालली. मी ती चालू दिली. पण तो नकार माझ्या एकट्याच्या नावाचा होता. त्यांनी ‘लिहिणार’ या शब्दापुढची जागा भरून दिली असती, तर मी धावत गेलो असतो. ज्या नकारात आपल्याखेरीज कुणी नसते, तो रुसवा असतो. मी तीस वर्षे रुसव्याला बंड म्हणत आलो.

लढाई संपली, कापूस उतरला, बाजार ओसरला. काकू गेल्याची बातमी मला अकोल्याला कळली. मी गेलो नाही. काम आहे, असे आईला कळवले. काम नव्हते. आज त्या घरात दिराची नातवंडे आहेत, आणि ग्रहणाची वेळ ती मंडळी त्या छापील ग्रंथात पाहून सांगतात. छपरावर आता पक्की कौले आहेत. कवडसा पडत नाही.

मागल्या महिन्यात शेटजींचा मुलगा आगगाडीने अकोल्याला आला आणि माझे घर शोधत आला. शिकलेला, नम्र माणूस. मला काका म्हणाला. ग्रंथाची नवी आवृत्ती खिळ्यांच्या छापखान्यात काढायची आहे. जुन्या प्रतींत चुका शिरल्या आहेत, त्या मूळ लिहिणाऱ्याखेरीज कोण काढणार?

“तुमच्यावर तेव्हा अन्याय झाला, काका. वडील सांगायचे. आता तसा काळ राहिला नाही. तुमचं नाव पहिल्या पानावर घालू, शास्त्रीबोवांच्या बरोबरीनं.”

तीस वर्षे ज्याची वाट पाहिली, ते माझ्या ओसरीवर चालत आले होते. मी खोटे लिहिणार नाही. क्षणभर मला ते हवे झाले. डोळ्यांपुढे ते पान दिसलेसुद्धा.

मी म्हणालो, “पहिल्या पानावर चार नावे हवीत. मी सांगतो ती. आणि त्यांच्याखाली एक वाक्य, की ती नावे मी गाळली होती.”

नावे ऐकून तो गोंधळला. मग हसला. बापासारखाच, वाईट मनाने नव्हे.

“बायकांची? काका, ज्योतिषाच्या ग्रंथात? असं करू. प्रस्तावनेच्या शेवटी घालू, की या कामी काही स्त्रियांचेही साहाय्य झाले. चालेल ना?”

“नाही चालणार.”

“का बरं? साहाय्य म्हणजे मानच झाला.”

“साहाय्य त्यांचे नव्हते,” मी म्हणालो. “काम त्यांचे होते. साहाय्य माझे होते. शास्त्रीबोवांचे तेही नव्हते.”

तो चहा न घेता गेला. चुका तशाच राहतील, असे जाताना म्हणाला. राहू देत. त्या कुठे आहेत, हे मला ठाऊक आहे, आणि त्या चौघींची नावे छापल्यावाचून मी एकही आकडा दुरुस्त करून देणार नाही.

येत्या पाडव्याला अकोल्याच्या बाजारात, जिथे दरसाल वर्षफल वाचतात, तिथे मी जाणार आहे. जोशी तो ग्रंथ उघडतील, तेव्हा मी उभा राहीन आणि म्हणेन: ही मोजणी गोदेची, येसूची, सगुणेची आणि भागेची आहे. हाकलतील. मग बारशीटाकळीला जाईन. ज्या ओट्यावर गाव हसले, त्याच ओट्यासमोर, त्याच गावाला तेच सांगेन. हसतील. पुढच्या पाडव्याला पुन्हा जाईन. त्याच्या पुढच्यालाही. पाय चालतात तोवर दरसाल हेच.

मला माफी नको. ती देऊ शकणारे माणूस आता नाही, आणि दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. मला मानही नको. ग्रंथ कुणाचा, असे कुणी विचारले, तर चार नावे सांगेन आणि गप्प बसेन. माझे नाव मी फक्त एकाच प्रश्नाला सांगेन: ती नावे गाळली कोणी?